मुंबई नाक्यावरचा जाम

माझं काम घरापासून चालत पाच मिनिटांवर आलं, तेव्हा आख्ख्या सोसायटीने माझं अभिनंदन केलं. खालच्या मजल्यावरच्या सोनवणे काकू तर साखरेची वाटी घेऊन वर आल्या आणि माझ्या तोंडात चिमूटभर साखर घालून म्हणाल्या, "सुटलीस गं बाई त्या जाचातून!" मी हसले. दुसरं काय करणार? पण खरं सांगते, ती साखर थुंकून टाकावीशी वाटली.

मी यंत्रांच्या विरुद्ध नाही. माझा सगळा जन्म यंत्रं तपासण्यात गेला. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी घरगुती वीजबटनांच्या डब्यातले एमसीबी तपासायचे. करंट जास्त झाला की खटका पडतो की नाही, ते पाहायचं. त्यामुळे 'सुगम' नावाची ती योजना आली, तेव्हा तिच्यातली हुशारी मला इतरांच्या आधी कळली. तिच्यातली गोम मात्र कळायला उशीर झाला.

कल्पना अशी. हिरावाडीत राहणारी एक बाई रोज गाव ओलांडून अंबडला जाते आणि खटके तपासते. अंबडला राहणारी दुसरी कोणी रोज गाव ओलांडून हिरावाडीजवळ येते आणि जवळपास तेच काम करते. रस्त्यात दोघी एकमेकींच्या शेजारून जातात, एकाच सिग्नलला धूर खातात. मग अदलाबदल का करू नये? अडचण एवढीच की दोघींचं काम तंतोतंत जुळत नाही. पण पहिलीच्या जागी तिसरी बसते, तिसरीच्या जागी सातवी, सातवीच्या जागी दुसरी आणि दुसरीच्या जागी पहिली. किडनीची गाठ थेट जुळली नाही की डॉक्टर जशी तीन-चार घरांची साखळी लावतात, तसंच हे. फक्त इथे साखळी हजारो माणसांची. माणसाच्या डोक्याला ती सापडणं शक्य नव्हतं. अलीकडे प्रत्येक हत्यारात आणि मशीनमध्ये सेन्सर आले, कोणाचा हात कशात बसलाय त्याचा चोख ठसा मिळू लागला आणि सुगमच्या यंत्राला त्या साखळ्या दिसू लागल्या. पगार तोच, हुद्दा तोच, फक्त जागा बदलायची. कारखानेही खूश, कारण उशिरा येणारं कोणी उरलं नाही.

आता कोणाला आधी हलवायचं? ज्याला प्रवासाचा भार जास्त, त्याला. भार मोजायला प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा होताच. प्रवासात नाडी कुठे वाढते, घाम कुठे फुटतो, सगळं त्यातून कळायचं. पण नाडी वाढली एवढंच कळतं, कशाने वाढली ते नाही. मोटर सुरू होताना दणकन करंट ओढते, आणि शॉर्टसर्किट झालं तरी दणकन करंट ओढला जातो. स्वस्तातल्या खटक्याला दोन्ही सारखेच. म्हणून सुगम घरोघरी बोलून विचारत असे.

आणि तिथेच आमचं घोडं पेंड खायला लागलं.

*

आमचं घर म्हणजे एक हॉल, एक बेडरूम, एक स्वयंपाकघर. बेडरूम आई-अण्णांची, म्हणजे माझ्या सासू-सासऱ्यांची. अण्णांचा गुडघा दुखतो, त्यांना आतला संडास जवळ लागतो. आम्ही हॉलमध्ये झोपतो. त्यांचं दार उघडंच असतं, कारण अण्णांना हाक मारावी लागली तर? माणसं इतकी चांगली की भांडायलाही जागा नाही. माझ्या आजारपणात आईंनी मला पलंगावरून पाय खाली ठेवू दिला नव्हता. पण लग्नाला एवढी वर्षं झाली, मी आणि भूषण या घरात चार वाक्यं सलग बोललो असू तर शपथ.

आम्ही बोलायचो गाडीवर.

भूषण सातपूरला टूलरूममध्ये डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवायचा. सकाळी तो मला अंबडला सोडून पुढे जायचा आणि संध्याकाळी घ्यायला यायचा. घरात मी त्याला 'अहो' म्हणते, आईंना ते बरं वाटतं. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी मागे पडली की मी 'अरे' वर यायचे. हेल्मेटची काच वर, हनुवटी त्याच्या खांद्यावर, आणि सुरू. साहेबांच्या चुगल्या, त्याच्या बहिणीचं बिनसलेलं, माझ्या रडण्याच्या गोष्टी, सगळं त्या सीटवर. माणूस पाठमोरा असला की बोलायला सोपं जातं, हे मला तिथेच कळलं. संध्याकाळी तर आम्ही मुंबई नाक्याचा सरळ रस्ता सोडून गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे जायचो, भेळभत्त्याचा पुडा संपेपर्यंत कठड्यावर टेकायचो आणि मग घरी. घरी आईंनी विचारलं, "एवढा उशीर?" की भूषणचं उत्तर ठरलेलं, "मुंबई नाक्यावर जाम होता."

आईंनी त्या जामला किती शिव्या दिल्या असतील! "मेल्यांनो, माझ्या लेकरांना छळता!" म्हणून रस्त्याच्या दिशेने बोटं मोडायच्या. मी शेजारी बसून वाटाणे सोलायचे आणि मान खाली घालायचे.

मग एका रविवारी सुगमचा आवाज आमच्या हॉलमध्ये आला. अण्णांनीच नाव नोंदवलं होतं. टीपॉयवर छोटा डबा, आणि त्यातून इतकं शुद्ध मराठी, की भटजीही लाजावा.

"आपला दैनंदिन प्रवासानुभव कसा आहे?"

समोर आई, अण्णा. अण्णांच्या हातात पंखा, आईंच्या हातात लसूण. आता या हॉलमध्ये, या दोघांसमोर, कोणता मुलगा म्हणेल की बायको पाठीमागे बसते तेव्हा दिवसातली सगळ्यात चांगली वेळ असते? भूषण म्हणाला, "काय सांगायचं, जीव जातो. पाठ मोडते. त्यात ही मागे बसून बडबडत असते." आई हसल्या. अण्णा हसले.

डब्याने मला विचारलं. 'मजा येते' म्हटलं असतं तर आईंना वाटलं असतं, घरात हिला काय काट्यांवर ठेवलंय? मी म्हटलं, "हो, फार त्रास होतो."

आपल्याकडे कोणी 'कसा आहेस' विचारलं तर 'बरं आहे' म्हणत नाहीत. 'चाललंय' म्हणतात. चांगलं चाललं असेल तर आणखी जोरात रडतात, नजर लागू नये म्हणून. आख्ख्या नाशिकने त्या डब्यासमोर गळा काढला. आणि डब्याने आख्ख्या नाशिकवर विश्वास ठेवला.

*

आमचं मूल झालं नाही. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, पुण्याच्या फेऱ्या झाल्या. मग मी म्हटलं, दत्तक घेऊ. हे मी गाडीवरच म्हटलं, आणखी कुठे म्हणणार? भूषण वर्षभर घुटमळत होता. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. मी ताणलं नाही. पण त्या शुक्रवारी सोमेश्वरच्या वळणावर मी त्याला सरळ विचारलं, "अरे, मला आज सांग. नसेल घ्यायचं तर तसं सांग. मी रडेन आणि गप्प बसेन. पण हे लोंबकळणं नको."

त्याने वळण घेतलं. मग म्हणाला, "सोमवारी सांगतो. नक्की."

शनिवारी सुगमचा आदेश आला. सोमवारी मी चालत कामाला गेले.

नवा कारखाना म्हणजे आमच्या मागच्याच गल्लीतलं पॅनेल जोडायचं युनिट. भूषणला जवळच्याच मेरी वसाहतीच्या बाजूला एका टूलरूममध्ये टाकलं, तोही चालत. त्याची पाळी माझ्या आधी सुरू होते. संध्याकाळी मी दारात पाय ठेवते तेव्हा तो आंघोळ करून अण्णांबरोबर बातम्या पाहत असतो. आई चहा टाकतात. सगळे आनंदात. "बघ, पोरं कशी वेळेवर घरी येतात आता," असं अण्णा फोनवर सगळ्यांना सांगतात. मला तो टीव्ही खिडकीतून फेकून द्यावासा वाटतो.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. स्वयंपाकघरात भूषण पाणी प्यायला आला तेव्हा मी दार लोटलं. तेवढ्यात आई आल्या, "अगं, हिंग कुठे ठेवलास?" जेवण झाल्यावर म्हटलं, "जरा चालून येतो." आई म्हणाल्या, "थांब, मी पण येते, माझेही पाय मोकळे होतील." तिघं चाललो. आईंनी भेंडीच्या भावावर बोलायला सुरुवात केली. शेवटी मी फोनवर लिहिलं, 'सोमवार होऊन गेला.' त्याचं उत्तर आलं, 'हे लिहून सांगायचं नाही. समोर सांगतो.'

समोर म्हणजे कुठे? मला हळूहळू वाटायला लागलं, उत्तर 'नाही' असणार. 'हो' सांगायला माणसाला एवढी जागा लागत नाही.

नव्या युनिटमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर नसीम आपा बसतात. पूर्वी त्या इथून देवळालीला बसने जायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांना मी एकदाही हसताना पाहिलं नाही. एकदा डबा खाताना विचारलं, "आपा, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीये," त्या म्हणाल्या. "झोप गेली माझी. घरात सासू, दीर, जाऊ, त्यांची पोरं. मी बसमध्ये झोपायची. जाताना अन् येताना. खिडकीला डोकं टेकलं की देवळालीपर्यंत कोणाच्या बापाला उत्तर द्यायचं नाही. आता घरून निघते अन् डोळा मिटायच्या आत इथं."

"मग त्या डब्याला सांगायचं ना!"

"काय सांगायचं? सासू बाजूला बसली होती. मी म्हटलं, बसनं हाडं खिळखिळी झाली." त्यांनी पोळीचा तुकडा तसाच डब्यात टाकला. "तू काय सांगितलंस?"

"फार त्रास होतो म्हणून," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघीही एकदम चिडून हसलो.

त्याच संध्याकाळी अण्णांनी जाहीर केलं, "गाडी विकून टाकू. उगाच जागा अडते. रविवारी एक गिऱ्हाईक येतंय." स्कूटर जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. मी भूषणकडे पाहिलं. त्याने ताटात पाहिलं. मी तशीच उठले, बाल्कनीत गेले आणि सुगमला फोन लावून फेरविचार मागितला.

*

फेरविचाराचा नियम ऐकून मला त्या आवाजाचा गळा धरावासा वाटला. पहिलं सांगणं जिथे आणि ज्यांच्यासमोर झालं, तिथेच आणि त्यांच्यासमोरच दुसरं व्हायला हवं. का, तर माणसाचा आवाज जागेप्रमाणे बदलतो. दोन्ही वेळी जागा आणि माणसं सारखी असली तरच यंत्राला फरक तोलता येतो. शास्त्र म्हणून बरोबरच आहे. मी स्वतः दोन खटके दोन वेगळ्या तापमानांत तपासून तुलना करत नाही. पण कपाळ माझं!

रविवारी सकाळी पुन्हा टीपॉय, पुन्हा डबा. आईंच्या हातात या वेळी मेथी होती. अण्णा जरा खट्टू झाले होते. "आपल्याला चांगलंच झालंय, मग तक्रार कसली?" असं दोनदा म्हणून झालं.

"श्री. भूषण आहेर," डबा म्हणाला, "आपल्या पत्नींचे म्हणणे आहे की पूर्वीचा प्रवास भाररूप नव्हता. आपण सहमत आहात?"

भूषणने आईंकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही म्हणजे... त्रास तर होताच. मुंबई नाक्यावर जाम असायचा."

मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला, की गिऱ्हाइकाला गाडीबरोबर हाही देऊन टाकावा असं वाटलं.

"क्षमा असावी," डबा म्हणाला. "आपल्या मार्गाच्या नोंदीनुसार गेल्या वर्षभरात संध्याकाळच्या वेळी आपण मुंबई नाक्यावर एकदाही गेलेला नाहीत. आपण गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे जाऊन थांबत होता. कोंडी टाळण्यासाठी आपल्याला इतका लांबचा मार्ग घ्यावा लागतो, असे गृहीत धरून आपला भार अधिक नोंदवला गेला."

आई मेथी निवडायच्या थांबल्या.

"एकदाही नाही?" अण्णांनी विचारलं. डब्याला नव्हे, भूषणला.

भूषणच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डब्याला त्याचं काय! तो पुढे बोलत राहिला, "आदेशाच्या आधीच्या शुक्रवारी, सोमेश्वरच्या वळणावर, आपल्या नाडीचा वेग वर्षातला सर्वाधिक होता. कारण सांगू शकाल?"

 भूषणने तोंड उघडलं आणि मला कळलं की हा आता खड्डा म्हणणार, ट्रक म्हणणार, कुत्रं आडवं आलं म्हणणार. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

"अरे भूषण," मी म्हटलं, "खरं सांग."

त्या घरात मी त्याला पहिल्यांदा 'अरे' म्हटलं. आईंनी चमकून वर पाहिलं. पाहू देत. माझा धीर संपला होता.

भूषण माझ्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत हा विषय आम्ही तोंडासमोर तोंड करून कधी बोललोच नव्हतो.

"हिने विचारलं होतं," तो डब्याला म्हणाला, पण बघत माझ्याकडेच होता. "मूल दत्तक घ्यायचं का म्हणून. मी सोमवारी सांगतो म्हटलं. मी हो म्हणणार होतो. तेव्हाच म्हणायचं होतं, पण रडू फुटलं असतं आणि गाडी चालवत होतो."

मी सोफ्यावर बसले. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. एवढे दिवस! एवढे दिवस हा माणूस माझं 'हो' खिशात घालून हिंडत होता आणि मला वाटत होतं, उत्तर 'नाही' आहे.

"नोंद घेतली," डबा म्हणाला. "आपल्या प्रवासाचा भार शून्य धरण्यात येत आहे. तथापि आपली साखळी पूर्ण झालेली असून आपल्यासाठी ती मोडल्यास अनेकांची कामे पुन्हा हलवावी लागतील. सबब विनंती मान्य करता येत नाही. आपला दिवस सुखाचा जावो." आणि तो बंद झाला.

"सुखाचा म्हणे!" अण्णा पुटपुटले.

आई मेथीची परात घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. भांडी जोरात वाजली. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते, पण आवाज धारदार होता.

"आणि मी त्या मुंबई नाक्याला शिव्या देत होते," त्या म्हणाल्या. "येड्यासारखी."

"आई, तसं नाही..." भूषण म्हणाला.

"तू गप्प. हर्षदा, मला खरं सांग. मला विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, म्हणून सांगितलं नाही ना?"

"हो आई," मी म्हटलं.

त्या खाली बसल्या. "नाहीच म्हणाले असते. अजूनही मला काही सुचत नाहीये. परक्याचं मूल... मला वेळ लागेल. लगेच तोंड गोड करायला मी काही देवमाणूस नाही." त्यांनी पदराने चेहरा पुसला. "तोवर तुम्ही दोघं माझ्या समोर बसू नका. जा, कोथिंबीर घेऊन या."

"कोपऱ्यावरून आणतो," भूषण उठला.

"कोपऱ्यावरची नको. मला पाथर्डी फाट्याची पाहिजे."

"आई, पाथर्डी फाटा गावाच्या त्या टोकाला आहे!"

"मला माहीत आहे कुठे आहे," आई म्हणाल्या.

अण्णांनी गिऱ्हाइकाला फोन लावला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मग किल्ली शोधायला उठले, गुडघा धरत.

भूषणने चादर ओढून काढली. धूळ उडाली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. गिरणी मागे पडली.  नेहमीप्रमाणे हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकली, पण बोलायला सुरुवात होईना.

रस्ते रिकामे होते. सगळं नाशिक आपापल्या गल्लीत आपापल्या घरच्यांसमोर बसलं असणार. मला त्या मोकळ्या रस्त्याचा संताप आला. एवढ्या वेगाने तर आपण आत्ता पोहोचू, कोथिंबीर घेऊ आणि परत त्या हॉलमध्ये.

मुंबई नाक्यावर सिग्नल हिरवा होता. पुढे-मागे एकही गाडी नव्हती. भूषणने स्कूटर डाव्या कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"जाम आहे," तो म्हणाला. "वेळ लागेल. बोल."